माडीवर थिएटर करायचंय? मग प्रोजेक्टरच्या आधी खोलीवर खर्च करा

मे महिना, मामाचं गाव आणि गाव घाटाखालचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं आपोआप कळतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलंय, त्यामुळे तिथं उन्हाळा जरा सुसह्य असतो. राजूर घाट किंवा बोथा घाट उतरला की मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला सखल भाग लागतो. इथं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं जाणं ही बातमी नसते, तो नेहमीचा विषय असतो.

तर झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामेभावानं एक रील बघितली. पोरानं पोटमाळ्यावर प्रोजेक्टर लावला, निळे दिवे लावले, आणि तीस सेकंदांत घरचं थिएटर तयार. मामाच्या घरी माडीवर टिनाची रिकामी खोली होतीच. कांदे आणि जुन्या गाद्या ठेवायची. भावानं आठ हजारांचा प्रोजेक्टर ऑनलाइन मागवला. डब्यावर लिहिलेलं, "९,५०० लुमेन्स, फोर-के सपोर्ट".

दुपारी दोन वाजता पहिला शो. सगळं घर माडीवर. भिंतीवर चित्र आलं, पण असं की नायक कोण आणि भिंतीचा पोपडा कोण ते कळेना. "काही दिसूनच नाही राह्यलं," मामी म्हणाली. मग खिडक्यांना गोधड्या लावल्या. चित्र थोडं सुधारलं, पण खोलीची भट्टी झाली. वीसेक मिनिटांत प्रोजेक्टर आपला आपण बंद.

खाली बाजेवर पडलेली आजी एवढंच म्हणाली, "दिवसा कुठी शिनेमा असते का रे?"

सगळे हसले. पण नंतर या विषयात खोल शिरल्यावर कळलं, की त्या दिवशी घरात सगळ्यात टेक्निकल वाक्य आजीच बोलली होती.

प्रोजेक्टर बिघडलेला नव्हता, खोली तयार नव्हती. लोक नेमके इथंच पैसे घालवतात. म्हणून आज विषय हाच. माडीवरच्या, माळ्यावरच्या किंवा गच्चीवरच्या खोलीत थिएटर करायचं असेल तर काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं?

काळा रंग प्रोजेक्टर टाकतच नाही

टीव्ही आणि प्रोजेक्टरमध्ये एक मूलभूत फरक आहे. टीव्हीचा पडदा मुळात काळा असतो आणि तो स्वतः उजेड देतो. प्रोजेक्टरचा पडदा पांढरा असतो आणि त्यावर उजेड टाकावा लागतो. उजेड टाकता येतो, अंधार टाकता येत नाही. म्हणजे सिनेमातली रात्र, नायिकेचे काळे केस, खलनायकाची सावली हे सगळं म्हणजे पडद्याचा तो भाग, जिथं प्रोजेक्टरनं उजेड टाकलेलाच नाही.

आता तिथं खिडकीतून किंवा ट्यूबलाईटचा उजेड पडला तर? काळा राखाडी होतो, आणि चित्र धुतल्यासारखं दिसतं.

हे आकड्यांत बघू. थिएटरसारखं चित्र हवं असेल तर पडद्याच्या पांढऱ्या भागावर साधारण १७० लक्स एवढा उजेड पडायला हवा. लक्स म्हणजे एक चौरस मीटर जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. ट्यूबलाईट लावलेल्या खोलीत भिंतीवर १०० लक्स उजेड सहज असू शकतो. म्हणजे पडद्यावर काळ्याच्या जागी १०० आणि पांढऱ्याच्या जागी २७०. पांढरा काळ्याच्या जेमतेम पावणेतीन पट झाला. हाच बाहेरचा उजेड १ लक्सवर आणला, तर तोच पांढरा काळ्याच्या १७० पट होतो.

प्रोजेक्टर तोच, फक्त अंधार वाढला. बाहेर मे महिन्याच्या उन्हात उजेड असतो लाखभर लक्स. त्यामुळे टिनाच्या फटीतून येणारी बोटभर तिरीपसुद्धा चित्र खराब करते.

आपल्याकडच्या तंबू टॉकीजवाल्यांना हे पक्कं माहीत होतं. महाराष्ट्रातल्या जत्रा-यात्रांमधून तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली आला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी बनवलेला हा माहितीपट कान महोत्सवातही दाखवला गेला. तंबूच्या कापडातून दिवसाचा उजेड येणारच, त्यामुळे खेळ अंधार पडल्यावर. आजीनं सिनेमा असाच बघितलेला. तिचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं.

मग खोलीत काय करायचं?

पहिलं काम, उजेड बंद करणं. खिडक्यांना साधे पडदे पुरत नाहीत. जाड काळं कापड दुहेरी शिवून घ्या, आणि ते खिडकीच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठं ठेवा. टिन आणि भिंत यांच्यामधल्या फटी बुजवा.

दुसरं काम, रंग. हे बहुतेक लोक विसरतात. खोली कितीही अंधारी केली, तरी पडद्यावरचा उजेड पांढऱ्या भिंतींवर आणि छतावर आपटून परत पडद्यावरच येतो. म्हणून पडद्याजवळच्या भिंती आणि छत गडद रंगाचे हवेत. काळाच हवा असं नाही. गडद राखाडी, तपकिरी, मेंदी चालेल. पण रंग चकचकीत नको, मॅट हवा. पूर्ण खोली रंगवायची नसेल तर पडद्यापासून पाच-सहा फुटांपर्यंतचा भाग रंगवला तरी फरक लगेच दिसतो.

लुमेन्सचा घोळ

आता डब्यावरचे ते ९,५०० लुमेन्स.

प्रोजेक्टरमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप म्हणजे लुमेन. हे मोजायची प्रमाण पद्धत आहे. तिला एएनएसआय लुमेन्स म्हणतात, आणि आयएसओ २१११८ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. स्वस्त प्रोजेक्टरवर मात्र बऱ्याचदा नुसतं 'लुमेन्स' लिहिलेलं असतं. तो आकडा कसा काढला ते कुणीच सांगत नाही. हजारोंचा दावा करणारं यंत्र प्रत्यक्षात दोन-तीनशे एएनएसआय लुमेन्सचं निघू शकतं. म्हणून माहितीत 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' हा शब्द दिसला नाही, तर तो आकडा वाचलाच नाही असं समजा.

पण खरी गंमत पुढं आहे. अंधाऱ्या खोलीत लागतात किती?

९० इंची पडदा घेऊ. तो साधारण साडेसहा फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच असतो. क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास. त्याला १७० नं गुणा. उत्तर येतं ३८० च्या जवळपास. म्हणजे पूर्ण अंधारात ९० इंची पडद्याला चारशे खरे लुमेन्स पुरतात.

अर्थात वापरानं उजेड कमी होत जातो, आणि रंग अचूक दाखवणाऱ्या 'सिनेमा मोड'मध्येही तो घटतो. म्हणून खरेदी करताना दुप्पट धरा, म्हणजे सात-आठशे एएनएसआय. हजारोंच्या मागं लागायची गरज फक्त त्यालाच आहे, ज्याला खोलीत अंधार करता येत नाही. म्हणजे अंधारावर केलेला खर्च प्रोजेक्टरवरचा खर्च वाचवतो.

'फोर-के सपोर्ट' हाही असाच चकवा. सपोर्ट म्हणजे यंत्र फोर-के फाईल उघडू शकतं, तेवढ्या बारकाव्यानं दाखवेलच असं नाही. बघायचा शब्द 'नेटिव्ह रिझोल्यूशन'. तिथं किमान १९२० × १०८० हवं.

पडदा केवढा, आणि बसायचं कुठं?

समजा माडीची खोली १२ बाय १४ फूट आहे. भिंत मोठी आहे म्हणून १५० इंची पडदा लावायचा मोह होतो. तो आवरा.

बसायचं अंतर पडद्याच्या रुंदीच्या दीड ते पावणेदोन पट असावं, हा सोपा हिशोब. साडेसहा फूट रुंद पडद्यासाठी ते दहा ते साडेअकरा फूट येतं. चौदा फुटांच्या खोलीत हे बरोबर बसतं. पडदा त्याहून मोठा केला तर मान फिरवून बघावं लागतं, आणि उजेडही पसरून फिका पडतो.

प्रोजेक्टर कुठं ठेवायचा ते 'थ्रो रेशो' ठरवतो. अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे थ्रो रेशो. तो १.२ असेल, तर साडेसहा फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर पडद्यापासून पावणेआठ फुटांवर हवा. तोच मागच्या भिंतीवर, म्हणजे चौदा फुटांवर ठेवला तर चित्र पावणेबारा फूट रुंद होईल. उजेड तीनपटीहून जास्त जागेवर पसरेल आणि चित्र तेवढंच मंद होईल. म्हणून आधी खोली टेपनं मोजा आणि त्या अंतराला बसणारा प्रोजेक्टर शोधा. आधी प्रोजेक्टर घेऊन मग जागा शोधू नका.

प्रोजेक्टर वाकडा ठेवून 'कीस्टोन'नं चित्र सरळ करता येतं, पण त्यात चित्राचा काही भाग वाया जातो आणि ते मऊ पडतं. शक्य तितका पडद्याच्या समोर, सरळ ठेवा. आणि टिनाच्या छताला भोक पाडून टांगू नका. पावसाळ्यात तिथूनच गळतं. लोखंडी अँगलला पक्का बसवा किंवा स्टुलावर ठेवा. खोली जुन्या लाकडी माडीवर असेल तर जड सोफे आणि वीस माणसं चढवण्याआधी गवंड्याला किंवा सुताराला तुळया दाखवून घ्या.

घाटाखालचं ऊन, टिन आणि कूलर

हा भाग पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

घरगुती प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत खोलीचं कमाल तापमान लिहिलेलं असतं. ते बहुतेक वेळा ३५ ते ४० अंश असतं. त्यावर गेलं की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. आमच्या माडीवर तेच झालं. बाहेर सावलीतच ४२-४३, वर तापलेला टिन, आणि आम्ही गोधड्या लावून हवाही बंद केलेली.

उपाय काय?

एक, टिनावर वरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग. हा जुगाड नाही, आता ते सरकारी धोरण झालंय. अहमदाबादनं २०१७ मध्ये 'कूल रूफ' मोहीम घेतली, तेलंगणानं २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. अशा छतानं घरातलं तापमान २ ते ५ अंशांनी कमी होऊ शकतं. प्रोजेक्टर चालणं आणि बंद पडणं यातला फरक तेवढाच असतो.

दोन, टिनाखाली मोकळी जागा सोडून जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाचं छत. थर्माकोल स्वस्त पडतं, पण ते झटकन पेटतं. वायरिंगच्या जवळ ते नकोच.

तीन, वेळ. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. टिन पातळ असतो. तो लवकर तापतो तसा लवकर निवतोही. त्यामुळे रात्री नऊनंतर टिनाची खोली बऱ्याचदा स्लॅबच्या खोलीपेक्षा बरी असते. टिन थिएटरला अगदीच वाईट नाही, फक्त त्याचा शो रात्रीचा.

आता कूलर. विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर, त्याला पर्याय नाही. पण कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. खिडकी उघडी ठेवली तरच तो थंड करतो, नाहीतर खोली नुसती दमट होते. म्हणजे दिवसा कूलर हवा असेल तर उजेड येणार, आणि अंधार हवा असेल तर कूलर बिनकामाचा. यावर उपाय म्हणजे उघड्या खिडकीसमोर, थोडं अंतर सोडून काळी फळी किंवा कापड आडवं लावायचं. हवा बाजूनं वळून बाहेर जाते, उजेड सरळ आत येत नाही. आणि कूलरचा झोत प्रोजेक्टरवर कधीच येऊ देऊ नका. ओल आणि क्षार दोन्ही आत जातात.

धुळीचंही तसंच. प्रोजेक्टरला जाळी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी साफ करा. जाळी तुंबली की हवा अडते, आणि यंत्र पुन्हा तापतं.

क्लायमॅक्सला लाईट गेली तर?

जुन्या पद्धतीच्या दिव्याच्या प्रोजेक्टरला हा खरा धोका आहे. सिनेमा संपल्यावरही आतला पंखा काही वेळ चालतो, तो दिवा थंड करायला. अचानक लाईट गेली की पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. एलईडी आणि लेझर प्रोजेक्टरमध्ये हा त्रास फार कमी. त्यांचं आयुष्यही २०,००० तासांपर्यंत सांगितलं जातं. रोज दोन तास म्हटलं तर २७ वर्षं. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा तीन ते पाच हजार तासांनी बदलावा लागतो.

घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का? हिशोब करू. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. तूटफूट धरून हाती येतात सव्वाबाराशे. एलईडी प्रोजेक्टर, स्पीकर आणि पंखा मिळून २०० वॅट धरले, तर सहा तास. तीन तासांचा सिनेमा निवांत होतो. एसी मात्र त्यावर चालणार नाही. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग यात काटकसर नको. माडीवर खालून ओढलेल्या एक्स्टेंशनवर सगळं चालवू नका. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाईन आणि एमसीबी बसवून घ्या.

आवाज: गोधड्या इथं कामाला येतात

रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा. घुमते? मग संवादही घुमणार. पैसे महागड्या स्पीकरवर घालण्याआधी ही घुमी कमी करा. जमिनीवर सतरंजी, त्यावर गाद्या, बाजूच्या भिंतींवर जाड कापड किंवा गोधड्या. भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून टांगल्या तर जास्त आवाज शोषतात.

आमचा पट्टा कापसाचा. १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे फाटा आला तोच कापसासाठी. त्यामुळे घरात गाद्या-गोधड्यांना तोटा नाही. पण एक सावधगिरी. कापूस पेट घेतो. मोकळा कापूस भिंतीत भरू नका, आणि प्रोजेक्टर, बोर्ड, वायर यांच्यापासून गोधड्या हातभर लांबच ठेवा. दार आतून सहज उघडेल असं हवं.

पावसाळ्यात टिनावर पाऊस वाजला की मात्र कोणताही स्पीकर हरतो. तेव्हा भजी खायची.

नेट आणि ओटीटी

अनेक स्वस्त अँड्रॉइड प्रोजेक्टरमध्ये नेटफ्लिक्ससारखी ॲप अधिकृतपणे चालत नाहीत, किंवा चालली तरी चित्र कमी दर्जाचं येतं. कारण एचडी चित्रासाठी यंत्राला 'वाइडवाइन एल-१' ही सुरक्षा मान्यता लागते. ती नसेल तर चित्र ४८० वर अडकतं. मोठ्या पडद्यावर ते डोळ्यांना टोचतं. सोपा मार्ग म्हणजे मान्यता असलेली टीव्ही स्टिक एचडीएमआयला लावणं. फुल एचडीसाठी ५ एमबीपीएसचा स्थिर वेग पुरतो, पण तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीत सिनेमा मध्यंतरापर्यंतही पोचणार नाही. वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवायची सोय असेल तर ती वापरा.

गल्लीला दाखवला तर?

घरच्यांना, पाहुण्यांना दाखवा, अडचण नाही. पण चौकात पडदा लावून किंवा पाच-पाच रुपये घेऊन दाखवला, की ते सार्वजनिक प्रदर्शन होतं. त्याला कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कधारकाची परवानगी लागते. ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरगुती वापरापुरतंच असतं. मंडळांनी हे लक्षात ठेवावं.

थोडक्यात, क्रम असा

१. खोली मोजा. पडदा, बसायची जागा आणि प्रोजेक्टरचं अंतर कागदावर काढा.
२. उजेड बंद करा, गडद मॅट रंग द्या.
३. छत थंड करा, हवेची वाट ठेवा.
४. वायरिंग, अर्थिंग, इन्व्हर्टर.
५. सतरंजी, गोधड्या, मग स्पीकर.
६. आणि सगळ्यात शेवटी प्रोजेक्टर.

एक फायदा अलीकडे झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टर आणि एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

आणि प्रोजेक्टर कुणी घेऊच नये? ज्याला दिवसा क्रिकेट बघायचंय, बातम्या लावून ठेवायच्यात, खोलीत अंधार करायचाच नाहीये, त्यानं सरळ टीव्ही घ्यावा.

आमच्या माडीचं पुढं काय झालं? त्याच रात्री साडेनऊला भावानं तोच प्रोजेक्टर पुन्हा लावला. या वेळी खिडक्या उघड्या, दिवे बंद, चित्र भिंतभर न पसरता सहा फुटांवर आणलेलं. बाहेर अमावस्येच्या आसपासचा अंधार. चित्र एकदम खणखणीत. बंदही पडला नाही.

आजीला जिना चढवत नाही. दोघांनी हात धरून वर आणलं. दोन तास एका जागी बसून तिनं अख्खा सिनेमा बघितला, आणि संपल्यावर विचारलं, "उद्या कोणता आहे?"

यंदा भाऊ टिनाला पांढरा रंग देतोय. प्रोजेक्टर अजून तोच आहे.